गावाचा वारसा गावासोबत शोधताना: पहिली कार्यशाळा भरवणाऱ्यांसाठी

मारुतीच्या देवळामागे नळकोंडाळ्याला टेकवून ठेवलेला एक दगड होता. बायका त्यावर धुणं आपटायच्या. वरच्या भागावर शेंदराचा जाड थर, खाली मागच्या जत्रेत कुणीतरी हौसेनं मारलेला निळा ऑइल पेंट. आमची पहिली कार्यशाळा या दगडापाशी सुरू झाली. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तशी निळ्या रंगातून आधी गाईची शिंगं उठून दिसली, मग धनुष्य ओढलेला एक हात. धुण्याची बादली घेऊन आलेल्या मावशी थबकल्या. "अगं बाई, ह्यो तर माणूस हाय की!" वीस वर्षं त्या त्याच दगडावर धुणं धूत होत्या.

तो वीरगळ होता. लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. महाराष्ट्रात असे वीरगळ गावोगाव आहेत आणि बहुतेकांची कुठेही नोंद नाही. नोंद करायला विद्यापीठातली चार माणसं पुरणार नाहीत, ती गावानंच करायला हवी. म्हणून ही कार्यशाळा. दोन दिवस, पंधरा-वीस माणसं, एक गाव, एवढ्यात ती होते. इतिहासाची पदवी लागत नाही. पण काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तर नुकसान टळतं, आणि जुन्या वस्तूंचं झालेलं नुकसान भरून निघत नाही.

मिळून शोध घ्यायची ही रीत मराठीत जुनीच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरची दप्तरं उघडायला लोकांना राजी केलं आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तिथे पाक्षिक सभेत सभासद आपल्याला सापडलेला कागद वाचायचे आणि बाकीचे त्यावर शंका काढायचे. कागद सगळ्यांसमोर ठेवायचा आणि त्यावर बोलू द्यायचं, एवढं त्यातलं आपण उचललं तरी पुष्कळ.

आधी एक प्रश्न

"आमच्या गावाचा इतिहास शोधायचाय" असं म्हणून निघालात तर दोन दिवसांत हाती फोटोंचा ढीग लागेल, बाकी काही नाही. प्रश्न लहान धरा. गावात वीरगळ किती आणि ते मुळात कुठे उभे होते? नळ येण्याआधी गाव कुठलं पाणी प्यायचं? शेतांना नावं कशी पडली? हा शेवटचा प्रश्न मला फार प्रिय आहे. 'घोडेपागा', 'देऊळशेत', 'पांढरी' अशी नावं सातबाऱ्यावर नसतात, म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. 'पांढरी' म्हणजे जुन्या वस्तीची जागा. तिथे नांगरताना खापरं निघतात.

जाण्याआधी जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या. तिच्या चार झेरॉक्स काढा. खुणा यावरच करायच्या आहेत.

परवानग्या

ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. देवळात काम असेल तर देवस्थानाच्या विश्वस्तांना आणि गुरवांना वेगवेगळं भेटा. विश्वस्तांनी हो म्हटलं की गुरवांनीही म्हटलं असं धरू नका. वास्तू संरक्षित असेल, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा फलक तिथे असेल, तर पाहणं आणि साधे फोटो काढणं सोडून काहीही करायच्या आधी त्या खात्याला विचारा.

खणायचं नाही. बोटानं माती उकरूनही पाहायचं नाही. जमिनीतली वस्तू तिच्या थरातून निघाली की तिचा काळ सांगणारा पुरावा गेला. कायदाही आहे: १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणं येतं; मोलाच्या हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. पहिल्याच सकाळी हे सगळ्यांना सांगून टाका. गावात "धन काढायला आलेत" ही कुजबुज उठतेच, आणि तिला उत्तर म्हणून तुमच्याकडे एकही फावडं नसलेलं बरं.

माणसं

चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात गावातला एक जण तरी ठेवा. वाट दाखवायला नव्हे, नोंद लिहायला. वही त्यांच्या हातात दिली की चर्चेचा सूरच पालटतो. शाळेतली आठवी-नववीची मुलं या कामात तरबेज निघतात, मोजमापात तर मोठ्यांपेक्षा काटेकोर.

गटांची यादी करताना गावनकाशा पुढे ठेवा आणि प्रत्येक वस्तीवर बोट ठेवून विचारा: इथलं कोण आहे? आमच्याकडून एकदा हे राहून गेलं. गावठाणातल्या सगळ्या वाड्यांची नोंद झाली आणि ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत कुणी गेलंच नाही. पुढे कळलं की गावाच्या शिवेचे जुने दगड नेमके कुठे होते ते तिथल्या एका आजोबांनाच ठाऊक होतं, वडिलांकडून आलेलं. यात नवल नाही. जुन्या काळी शिवेचा तंटा उभा राहिला की महारांची साक्ष निर्णायक मानली जायची, कारण शीव राखणं हे त्यांचं काम होतं. ज्यांनी शीव राखली त्यांना वगळून गावाची ओळख लिहायला बसलो, ही आमची मोठी चूक. आम्ही पुन्हा गेलो, आजोबांची क्षमा मागितली, आणि त्यांनी दिवसभर उन्हात आमच्याबरोबर चालून सात दगड दाखवले.

बायकांसाठी वेळ वेगळी ठेवा. सकाळी दहाला सभा लावली तर एकही येणार नाही. दुपारी दोन ते चार, अंगणात, सभामंडपात नको.

पिशवीत काय घ्यायचं

पाच मीटरची टेप, दहा सेंटिमीटरची पट्टी (फोटोत वस्तूशेजारी ठेवायला), मऊ ब्रश, चांगली बॅटरी, पेन्सिली, रेघी वही, मोबाइल, पॉवर बँक. स्वच्छ धुतलेलं सुती कापड. एवढंच. खडू, पीठ, कोळसा, तेल यांतलं काही नेऊ नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून शिलालेखावर पीठ नाहीतर खडू चोळण्याची सवय इतकी पसरली आहे की कळकळीनं सांगतो: ते दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतं, ओल धरतं, आणि चोळताना झिजलेली कड आणखी झिजते. कागद ओला करून शाईचा ठसा घेण्याची पद्धत खरी आहे, पण ती शिकलेल्या हाताचं काम आहे आणि संरक्षित ठिकाणी परवानगीशिवाय चालत नाही.

मग अक्षर दिसायचं कसं? तिरप्या उजेडानं. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास निवडा, किंवा अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूनं उजेड पाडा. उजवीकडून, डावीकडून, वरून, असे तीन फोटो घ्या. दुपारी बारा वाजता कोरा वाटणारा दगड रात्री बॅटरीच्या उजेडात सबंध ओळ दाखवतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

दगडाशी बसायचं कसं

एका दगडाला किमान अर्धा तास द्या. आधी उंची, रुंदी, जाडी. मग तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, जमिनीत किती गाडलेला आहे, आणि मूळ जागी आहे की आणून ठेवलाय. शेवटचा प्रश्न गावकऱ्यांना विचारा. "रस्ता रुंद केला तेव्हा जेसीबीनं उचलून इथे टाकला" हे उत्तर नोंदवहीत सोन्याच्या मोलाचं असतं.

वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. गाई कोरलेल्या असतील तर बहुधा गोधन सोडवताना आलेलं मरण. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताना. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश, आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार आणि यादव या राजघराण्यांमधल्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात.

कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. चंद्र-सूर्य, खाली लेख आणि त्याच्याखाली गाढव व स्त्री असं शिल्प दिसलं तर तो गधेगळ: दिलेलं दान जो मोडील त्याला घातलेली शिवी दगडात कोरलेली असते. कोकणात शिलाहारांच्या मुलखात हे जास्त. गधेगळाचा अर्थ भर चौकात, मुलांच्या घोळक्यात मोठ्यानं सांगू नका. काही ठिकाणी लोक त्याला देव मानून हळदकुंकू वाहतात. आधी वडीलधाऱ्यांशी बाजूला बोला.

बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असेल तर पायऱ्या उतरायचे मार्ग मोजा. वास्तुग्रंथांत एका मार्गाच्या वापीला नंदा म्हणतात, दोनच्या भद्रा, तीनच्या जया आणि चारच्या विजया. एवढं मोजायला मुलांना फार आवडतं. शेवाळल्या पायऱ्यांवर मात्र त्यांना एकटं सोडू नका.

वहीच्या पानाला मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे डोळ्यांना जे दिसतं ते: "तीन चौकटी, खालच्या चौकटीत पाच गाई, उजवा माणूस धनुष्यासह, चेहरा झिजलेला." उजवीकडे लोक जे सांगतात ते, सांगणाऱ्याच्या नावासह: "पांडवांनी एका रात्रीत उभा केला." दोन्ही हवंय. पांडवांची कथा खोटी म्हणून गाळाल तर गाव आपल्या दगडाकडे कसं बघत आलं तेच हरवेल. पण ती डावीकडे सरकली तर पुढचा वाचणारा फसेल. आपला अंदाज या दोन्हींत लिहायचा नाही. तो संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून, वेगळ्या पानावर.

रुमालातले कागद

जुन्या घरात कापडात बांधलेले मोडी लिपीतले कागद असतात. त्याला रुमाल म्हणतात. घरचे तो तुमच्यापुढे ठेवतील का, हे तुमच्या आधी कोण येऊन गेलं त्यावर असतं. एका वाड्यात काकांनी आम्हाला चहा दिला, गप्पा मारल्या आणि कागदांचं नाव काढताच गप्प झाले. बारा वर्षांपूर्वी कुणी पाहुणे "स्कॅन करून आठवड्यात परत देतो" म्हणून अर्धा रुमाल घेऊन गेले होते, ते फिरकलेच नाहीत. तिसऱ्या भेटीत काकांनी रुमाल सोडला. म्हणून आमचा नियम पक्का आहे: अस्सल कागद घराचा उंबरठा ओलांडत नाही. घरमालक समोर बसलेले असताना, त्यांच्याच ओसरीवर फोटो काढायचे.

पंखा बंद करा. आमचा एक रुमाल पंख्याच्या वाऱ्यानं उधळला आणि पानांचा क्रम कायमचा गेला, तेव्हापासून हे मी सगळ्यात आधी सांगतो. कागद ज्या क्रमानं बांधलेत त्याच क्रमानं काढा, प्रत्येकाला फोटोत क्रमांकाची चिठ्ठी ठेवा (कागदावर काही लिहू नका), पाठपोट दोन्ही बाजू घ्या आणि तसेच बांधा. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. टेपेचा गोंद काही वर्षांत कागदाला पिवळा करून चरतो आणि लॅमिनेशन पुन्हा सोडवता येत नाही.

मोडी वाचणारा एक जाणकार बरोबर हवाच. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दोन दिवसांत ती वाचता येणार नाही. पण नवख्यालाही तारीख ओळखता येते, आणि त्यातला आनंद काही औरच. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. समजा 'इहिदे सितैन मया व अलफ' असं आहे. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं; तेव्हा जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. कागद जानेवारीतला असला तर ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. पानिपतचा महिना! आमच्या गटातल्या नववीतल्या मुलीनं ही बेरीज फळ्यावर केली तेव्हा ओसरीवर क्षणभर कुणी बोललं नाही. शक असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या, जानेवारीपासूनच्या महिन्यांना ७९.

महजर, म्हणजे गावसभेनं दिलेल्या निवाड्याचा कागद, हाती लागला तर खाली बघा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापल्या निशाण्या काढलेल्या असतात: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. सगळा गाव एका कागदावर बसलेला दिसतो.

आवाज

"आजी, ओव्या म्हणा" असं माइक पुढे धरून म्हटलं की आजी म्हणतात, "आता काय आठवतंय बाबा." आम्हीही असंच विचारायचो. मग एका आजींनीच वाट दाखवली: "रिकाम्या हातानं कुठं ओवी येती व्हय? जातं लाव आधी." जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ते शब्दशः खरं आहे. अडगळीतलं जातं काढलं, मूठभर ज्वारी घातली, समोर त्यांची जाऊ बसली, आणि पाऊण तास दोघी थांबल्या नाहीत. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, आणि मध्येच दुष्काळात खडी फोडायला गेल्याची ओवी, जी त्यांच्या सुनेनंही कधी ऐकली नव्हती.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या, त्या आज लाखाच्या वर आहेत आणि 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संग्रहात गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह ठेवल्या आहेत. नावासह, हे महत्त्वाचं. 'एक वृद्ध महिला' असं लिहू नका. अर्थात नाव द्यायचं का ते आधी विचारा, कशासाठी वापरणार ते सांगा, आणि "हे एवढं गाळ" म्हणाल्या तर त्यांच्यासमोर गाळा. संमती कागदावर नको वाटत असेल तर ध्वनिमुद्रणातच घ्या. दोन मोबाइलवर एकदम मुद्रण करा. जात्याची घरघर येऊ द्या, ती काढून टाकायची नाही.

संध्याकाळची बैठक आणि मतभेद

दोन्ही दिवशी संध्याकाळी सगळे गट एकत्र बसतात, आणि इथेच खरं संशोधन होतं. इथेच भांडणंही होतात. वीरगळ आमच्या घराण्याच्या पूर्वजाचा, असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो आमच्या. दगडावर नाव नसेल तर "दगडावर नाव नाही" एवढंच वहीत लिहा आणि दोन्ही दावे उजव्या रकान्यात घ्या. कुठल्या पिराच्या उरुसात पालखीचा मान हिंदू घराण्याकडे निघतो, कुठल्या देवीची पहिली ओटी कुठल्या वस्तीची निघते. आजच्या वातावरणात अशी नोंद कुणाला खुपते, कुणी ती गाळायला सुचवतं. गाळू नका. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या तो मान सांभाळला त्याची ओळख त्यात आहे, आणि आपल्या सोयीनं ती कापायचा हक्क पाहुण्यांना नाही, आजच्या गावकऱ्यांनाही नाही.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून "आपलंही गाव यादीत घाला" अशी मागणी बैठकीत हमखास येते. नम्रपणे सांगा की कार्यशाळा यादीसाठी नाही. खोटी आशा लावून मिळवलेली मदत पुढच्या वेळी मिळत नाही.

परत देणं

महिन्याच्या आत गावात परत जा. सगळ्या नोंदींची छापील वही ग्रामपंचायतीत एक, शाळेत एक. फोटो आणि आवाज ज्यांच्या घरातले त्यांना पेन ड्राइव्हवर. तुमच्याकडे दोन वेगळ्या ठिकाणी प्रती. इंटरनेटवर काय ठेवायचं ते ग्रामसभेत विचारून ठरवा. मूर्तींची नेमकी जागा नकाशावर उघड करू नका, चोरांनाही इंटरनेट असतं.

नोंदी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. शाळेतल्या प्रतीत उजवी पानं कोरी सोडा आणि ती वही महिनाभर सगळ्यांसाठी उघडी ठेवा, दोरीनं पेन बांधून. आमच्या वहीत चौथ्या दिवशी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं: "तिसरा वीरगळ माझ्या माहेरच्या विहिरीच्या बांधकामात बसवलाय, पाण्याखाली आहे." खाली नाव होतं. धुणं धुणाऱ्या त्याच मावशींचं. विहिरीचं पाणी मे महिन्यात उतरतं. तेव्हा त्यांच्यासोबत जायचं ठरलंय, बॅटरी आणि टेप घेऊन.